अहो, मागं सरा

त्या कुत्र्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. नाव वाईट नव्हतं, चांगल्या घरच्या माणसाला शोभंल असं होतं. पण ते लिहायचा हक्क माझा नाही, आणि का नाही ते पुढं कळंल. गल्लीतली माणसं ही गोष्ट हसत सांगतात आणि चुकीची सांगतात, म्हणून मीच लिहायला बसलो. शाळा तिसरीपर्यंत झाली. माझं अक्षर वाकडं आहे, पण भिंत कधी वाकडी बांधली नाही.

मी मिस्तरी. जन्म दौलताबादचा, किल्ल्याच्या पायथ्याचा. पोटासाठी शहरात आलो आणि लोकांची घरं बांधत राहिलो. स्वतःचं घर सगळ्यात शेवटी बांधलं, हर्सूलच्या बाजूला. दोन खोल्या, पुढं ओसरी, बाजूला फरशीचं अंगण. बायकोला ते घर लई आवडलं होतं. पण त्यात तिला फार दिवस राहायला मिळालं नाही. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, तिकडंच त्याचा फ्लॅट. आई गेल्यावर तो म्हणायचा, "आबा, इकडं या. लिफ्ट हाय, चोवीस तास पाणी हाय."

मी म्हणायचो, "दुसऱ्यानं बांधलेल्या घरात मला झोप लागत नाय."

खोटं नव्हतं ते. मी कुठंही गेलो की आधी छताकडं बघतो.

शेजारच्या घरात एक बाई राहायला आल्या. सरकारी दवाखान्यात आया होत्या, रिटायर झालेल्या. माहेर कन्नडकडचं. नवरा आधीच वारलेला, एक मुलगी, ती पुण्याला दिलेली. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या. विहार आमचा एकच, मीही जायचो, पण बायका एका बाजूला, गडी एका बाजूला, बोलायचं काम पडत नव्हतं. त्या आल्या त्याच महिन्यात मी दोन्ही अंगणांच्या मधी भिंत घातली, डोक्याएवढी उंच. भांडण नव्हतं. पण कुणी माझ्या चुलीवर काय शिजतं ते बघितलेलं मला चालत नाही. एकट्या गड्याच्या चुलीवर बघण्यासारखं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून खालच्या दोन थरांत एकेका विटेची जागा मोकळी सोडली. सगळं घडलं ते त्या भोकातून.

कुत्रं गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहणाऱ्या एका साहेबाचं होतं. पांढरं, एक कान तपकिरी, पाय इतके आखूड की लांबून बघितलं तर पाट चालत आल्यासारखा वाटायचा. साहेबाची बदली झाली. टेम्पोत सोफा बसला, कपाट बसलं, कुत्रं बसलं नाही. जाताना मॅडमनं मला त्याचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "काका, जरा लक्ष ठेवा हं." लक्ष ठेवतो असं मी म्हणालो नव्हतो. ते बंद दारापुढं बसून राहिलं, मग एक दिवस माझ्या ओसरीवर येऊन झोपलं. मी त्याला आणलं नाही, ते आलं. हे सांगणं गरजेचं आहे, कारण गल्लीत म्हणतात मिस्तरीनं मुद्दाम पाळलं.

आता कुत्रं म्हटलं की शिव्या आल्याच. सकाळी माझी चप्पल पळवायचं, ओल्या गिलाव्यावर नाचायचं. मी ओसरीवरून ओरडायचो, आधी त्याचं नाव, मग पुढं जे काय तोंडात येईल ते. बांधकामावरचा आवाज माझा. तिसऱ्या मजल्यावरून खालच्या गड्याला ऐकू जायचा, तर भिंतीपलीकडं जाणारच.

एक दिवस बाई भिंतीजवळ आल्या. नुसता आवाज आला, माणूस दिसलं नाही.

"मिस्तरी, त्याला शिव्या देऊ नका."

मी म्हणालो, "कुत्रं माझं, तोंड माझं."

मग त्या म्हणाल्या, "मग द्या. पण नाव न घेता द्या."

मला ते कोडं उमगलं नाही. दवाखान्यात काम केलेल्या बायांना हुकूम सोडायची सवय असते असं समजून मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जरा मोठ्यानं ओरडलो. त्यानंतर कुत्रं त्या भोकातून पलीकडं जायला लागलं. सकाळी माझी भाकरी, मग तिकडची.

एका सकाळी मी ओसरीवर दाढी करत बसलो होतो. गालाला फेस होता. भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो, या ना. भाकरी गार व्हायली."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो."

म्हणजे मी बोललो नाही. माझं अंग बोललं. वस्तरा हातातच राहिला. पलीकडंही एकदम चिडीचूप. भांड्याचासुद्धा आवाज नाही.

बायको गेल्यावर माणसं सांत्वनाला येतात, तेव्हा म्हणतात की आता जेवणाचे हाल होतील. जेवणाचं काही नसतं. भाकरी मी बायकोपेक्षा पातळ थापतो. मला कळायला लई दिवस लागले की तिच्यासंगं एक शब्द गेला होता. मुलगा आबा म्हणतो, गल्ली मिस्तरी म्हणते. अहो तर बँकेतली पोरगीपण म्हणते, 'अहो बाबा, इथं सही करा.' पण नुसतं अहो, पुढं काही न लावता, घराच्या आतून आलेलं, ते म्हणणारं एकच माणूस असतं. ते गेलं की त्या शब्दाला तुमच्या घराचा पत्ता राहत नाही. इतक्या वर्षांनी तो भिंतीवरून आला, आणि मी गालाला फेस लावलेला, आलो म्हणून बसलो.

मग विचार आला, बाईंच्या घरी कुणीतरी गडी माणूस आलंय. आपल्याला काय करायचंय? तरी मी गल्लीतून जाताना त्यांच्या उंबऱ्याकडं बघितलं. बाईंच्याच चपला होत्या. दुसऱ्या दिवशी परत, "अहो, थांबा जरा, ऊन हाय ते." लाडाचं बोलणं नव्हतं. साधं, रोजचं, घरातलं. ते जास्त लागतं माणसाला.

शहागंजात माझा एक मित्र आहे, मुसलमान, जन्मभर माझ्यासंगं नळ-पाइपाचं काम केलेला. आता मुलाच्या दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना नको ते सल्ले देतो. मी त्याच्याकडं कुत्र्यासाठी हाडं आणायच्या निमित्तानं जायचो, कारण खाटकाचं दुकान शेजारीच. त्याला हे सांगितलं. तो इतका हसला की मुलगा आतून बघायला आला.

"क्या मिस्तरी, बुलाई तो जाना था ना."

"मला नाय बोलावलं, भाई. दुसऱ्या कुणाला तरी."

"किसको? देखा क्या तू उसको?"

"नाय बघितला."

"फिर? जो दिखताच नै उससे कायको जलरा?"

मी म्हणालो, मी कुणावर जळत नाय. तो म्हणाला, "हौ, तेरा मुंह बोलरा ना." मी हाडांची पिशवी उचलून चालता झालो.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळी गल्ली घरी असते, लग्नघरासारखी धावपळ. ड्रम, हंडे, टाकी, मोटार. असाच पाण्याचा दिवस होता. मी अंगणात ड्रम भरत होतो, पलीकडं बाईंच्याही बादल्यांचे आवाज. आणि कुत्रं कोकललं.

बघतो तर भोकात अडकलं. दोन घरची भाकरी आणि शहागंजची हाडं खाऊन ते पिंपासारखं झालेलं. पुढचं अर्धं तिकडं, मागचं अर्धं इकडं. शेपटी माझ्याकडं हलत होती आणि रडणं तिकडं चाललं होतं.

पलीकडून आवाज आला. घाबरलेला, पण ठाम. "अहो, मागं सरा."

मी मागं सरलो.

"अजून सरा. मागं, मागं."

मी अजून मागं सरलो. पाय हंड्यात गेला, हंडा आडवा झाला, आणि भरलेलं पाणी सगळ्या अंगणात.

मी चिडून म्हणालो, "बाई, सरलो की. आता काय रस्त्यावर जाऊ?"

मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाय म्हणले."

"मग कुणाला?"

"ह्यांना."

"ह्यांना म्हंजे कुणाला? कोण हाय तिथं?"

"कुत्रं हाय हो," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण असणार?"

मी पाण्यात उभा राहून हसलो. आधी राग आला होता, पण हसलो. "बाई, कुत्र्याला कुणी अहो म्हणतं का? अहोजाहो करायला तो काय तहसीलदार हाय?"

त्या हसल्या नाहीत. भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं त्या, मधी ते कुत्रं कण्हत होतं. त्या हळू बोलल्या, पण भिंतीला कान लावायची गरज पडली नाही.

"तुम्ही त्याला ज्या नावानं हाक मारता ना, ते आमच्या मालकांचं घरचं नाव होतं. सासूबाई हाक मारायच्या त्या नावानं. कागदावरचं नाव वेगळं, ते मी दवाखान्यातबी सांगितलं, रेशन कार्डावरबी लिहिलं. हे नाव मी कधी तोंडात घेतलं नाय. लग्नात उखाण्यात घ्या म्हणले, तवा कागदावरचंच घेतलं. आता ह्या वयाला कुत्र्यासाठी कसं घेऊ? दुसऱ्या कशाला ते ओ देत नाय. हाका मारून बघितल्या, राजा म्हणले, सोन्या म्हणले. बघायचं आणि झोपून जायचं. मग एक दिवस माझ्या तोंडातून अहो निघालं. तर लगेच उठून आलं."

सकाळी सकाळी त्या नावाच्या मागं काय काय लावून मी गल्लीभर ओरडत होतो, ते सगळं आठवलं.

शेवटी म्हणालो, "त्याचं तोंड धरून ठेवा. मी छिन्नी आणतो."

"भिंत फोडणार?"

"मग काय कुत्रं कापू?"

ही भिंत मी आहे तोवर राहील असं मी सगळ्यांना सांगितलेलं. मुलाला, शहागंजच्या मित्राला, कुणी विचारलं नसतानाही. गुडघे टेकून त्याच भिंतीची वीट मी हळूहळू सोडवली, कुत्र्याला धक्का लागू नये म्हणून एकेक टवका काढत. पलीकडं त्या बोलत होत्या, "झालं हं, झालं, हलू नका." एक वीट निघाली, दुसरी निघाली, आणि कुत्रं मागं यायचं सोडून पुढं पळालं, त्यांच्याकडं. भोकातून मला त्यांचे हात दिसले. हिरव्या काचेच्या बांगड्या नव्हत्या, हात नुसते होते, आणि कुत्र्याच्या पाठीवरची माती झाडत होते.

"आता हे बुजवणार का?" त्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो. "सिमिट संपलंय."

सिमिट संपलेलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत अर्धी गोणी होती. त्याच सिमिटानं मी दुसऱ्या दिवशी भोकाच्या वर कडाप्पाचा तुकडा बसवला, कडा गिलावा करून गुळगुळीत केल्या. भोकाचं दार झालं, कुत्र्याच्या मापाचं. दोरीचा ओळंबा लावून केलं.

त्यानंतर मी त्या नावानं हाक मारणं बंद केलं. पण मग माझ्याकडं हाकच राहिली नाही. मी अहो म्हणू शकत नव्हतो. 'ए' म्हणायचो, ते कान हलवायचं आणि बसून राहायचं. शहराचंच नाव बदललेलं, एसटीच्या पाटीवर एक, कंडक्टरच्या तोंडात दुसरं, तरी गाड्या यायच्या तिथं येतात. ह्या कुत्र्याला मात्र एका शब्दाचा फरक चालत नव्हता.

भिंत तशीच होती, पण बोलणं सुरू झालं. मी माझ्या ओसरीवर, त्या त्यांच्या. वांग्याचं भरीत केलं की त्या वाटी भोकातून सरकवायच्या. मी कुणाच्या घरचं खात नाही, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून म्हणायच्या, "कुत्र्यासाठी हाय." कुत्रं वांगं खात नव्हतं. वाटी मी धुऊन परत सरकवायचो, आणि रिकामी कशी द्यायची म्हणून त्यात दौलताबादहून आणलेलं सीताफळ ठेवायचो. म्हणायचो, "कुत्र्याचंच हाय."

एकदा कुत्रं आजारी पडलं, खाईना. रिक्षा करून जनावरांच्या दवाखान्यात नेलं, मांडीवर त्यांच्या, पिशवी माझ्याकडं. तिथला माणूस कागद घेऊन बसला होता.

"नाव काय?"

मी बाईंकडं बघितलं. बाईंनी भिंतीकडं बघितलं.

"आजोबा, नाव काय कुत्र्याचं?"

"कुत्रा लिहा," मी म्हणालो.

"अहो, काहीतरी हाक मारत असाल की."

बाईंना एकदम हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या खिडकीकडं वळल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. त्या माणसानं वैतागून काय लिहिलं देव जाणे, पण म्हणाला, "बरं, आजोबा, तुम्ही मागचे पाय धरा. आजी, तुम्ही तोंड धरा. घरीबी दोघांनी असंच धरून औषध पाजायचं." आम्ही दोघांनी धरलं. एकाच घरचे नाही हे त्याला मीही सांगितलं नाही, त्यांनीही नाही.

मग दसऱ्याच्या आधी त्यांची मुलगी पुण्याहून आली. चांगली पोरगी, स्वच्छ बोलणारी. आईचा गुडघा दुखतो, एकटीनं पाणी भरायचं म्हणजे जिवावर येतं, आता दिवाळी झाली की कायमचं पुण्याला न्यायचं, घर भाड्यानं द्यायचं. सगळं ठरवूनच आली होती. माझ्याकडं चहाला आली आणि म्हणाली, "काका, आमच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही. ह्याला तुम्ही ठेवाल ना?"

मी म्हणालो, "ठेवाल म्हंजे? कुत्रं माझंच हाय."

"आईला करमायचं नाही त्याच्याविना."

"पुण्यात करमतं सगळ्यांना," मी म्हणालो.

ती गेली आणि मी चहाचा कप तसाच धरून बसलो. हे असं बोलायचं नव्हतं. पण मी जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही. काम मागायलाही कुणाच्या दारी गेलो नाही, माणसं माझ्याकडं यायची. मागायचं कसं ते मला माहीतच नव्हतं. आणि दिवाळी झाली की ते भिंतीवरून येणारं अहो जाणार होतं. कुत्र्यासाठीचं का असेना, माझ्या अंगणात ते पडत होतं.

शहागंजच्या मित्राला सांगितलं तर या वेळी तो हसला नाही.

"तो बोल ना उसको, नक्को जा करके."

"मी का बोलू? तिचं तिला कळत नाय का?"

"तेरे को कळतंय क्या तेरा?" तो म्हणाला. मराठी-दखनी त्याची अशीच मिसळलेली. "दीवार फोडा कुत्ते के वास्ते. मुंह नै फूटता अपने वास्ते?"

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी बाई भिंतीजवळ आल्या. मी ओसरीवर थापीला चिकटलेलं जुनं सिमिट खरवडत होतो.

"मिस्तरी, एक काम होतं."

"बोला."

"मी गेल्यावर ह्यांना अहो कोण म्हणंल? तुम्ही तर म्हणणार नाय. तवा तुम्ही पुन्हा नावानं हाक मारायला लागा. माझ्या देखत सवय होऊ द्या, म्हंजे ओ देतील. मला काय वाटायचं नाय आता. फक्त पुढं शिवी लावू नका."

मी थापी खाली ठेवली.

"मला जमायचं नाय ते," मी म्हणालो.

"का? आधी तर लई जमत होतं."

"आधी मला माहीत नव्हतं ते कुणाचं नाव हाय."

मग मी भिंतीकडं बघून, म्हणजे स्वतः रचलेल्या विटांकडं बघून म्हणालो, "तुम्ही जाऊ नका."

"काय म्हणले?"

"एकदा म्हणलो ते ऐकलंय तुम्ही."

त्या बोलल्या. "राहिले असते. पण कोणत्या नात्यानं राहू, मिस्तरी? पोरगी विचारंल, लोक विचारतील. दवाखान्यात त्या माणसानं विचारलं नाय म्हणून आपण गप बसलो."

याचं उत्तर भिंतीवरून द्यायचं नसतं, एवढं मला कळत होतं. मागणी घालायची तर समोरच्या दारातून जावं लागतं, आणि संगं घरचं वडीलधारं माणूस लागतं. माझ्या घरचं वडीलधारं म्हणजे मीच. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आबा, ह्या वयात? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "लोकांच्या भिंती मी बांधल्यात. त्यांच्या घरात काय चालतं मला नको सांगू." मग सुनेनं फोन घेतला आणि म्हणाली, "आबा, धोतर नका नेसू, तो पांढरा लेंगा-सदरा घाला."

शहागंजच्या मित्राला घेऊन गेलो. तो माझ्याहून लहान, पण दाढी पांढरी असल्यामुळं वडीलधारा दिसतो. आम्ही दोघं रस्त्यानं वळसा घेऊन त्यांच्या दारात गेलो. कुत्रं आधीच आत बसलेलं होतं, पाटासारखं. मुलगी पुण्याहून दिवाळीला आली होती, तिनंच पाणी दिलं. मित्र घसा खाकरून म्हणाला, "देखो बेटी, हमारे मिस्तरी अडियल आदमी है. ओळंबे जैसा सीधा है, पर ओळंबे जैसाच लटका रैता. तुम्हारी अम्मा का हाथ मांगने आए है."

मुलीनं हातातलं तबक खाली ठेवलं. ती हसली, मग तिचे डोळे भरले, मग परत हसली. आत वळून म्हणाली, "आई, तू सांग. हे मी नाही ठरवणार."

बाई दारात आल्या. माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीवर त्यांच्या मालकांचा फोटो होता, त्याच्याकडंही बघितलं नाही. कुत्र्याकडं बघितलं. "विचार करून सांगते," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

चहा पिऊन आम्ही आलो. मित्र म्हणाला, चहात साखर व्यवस्थित होती, म्हणजे हो आहे. मी म्हणालो, तुला शुगर हाय, तुला काय कळतंय.

पुण्याची गाडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची होती. त्या दिवसापर्यंत काही निरोप आला नाही. मी परत विचारायला गेलो नाही. एकदा विचारलं, ते पुष्कळ. रात्री भोकातून वाटी आली नाही, सकाळी कुत्र्याला हाक आली नाही. मला वाटलं, हेच उत्तर. सामान बांधल्याचे आवाज येत होते. मी ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसलो. कुत्रं माझ्या पायाशी झोपलेलं होतं. सोसायटीत चालत नाही, म्हणून माझ्याकडं राहणार होतं.

बायकोची आठवण आली. मरायच्या आधी ती म्हणाली होती, तुम्ही तोंड उघडत नाय, लोकांना काय कळणार तुम्हाला काय पाहिजे. तेव्हा मी काही बोललो नव्हतो. आता तोंड उघडून झालं होतं, आणि पलीकडं बॅगांच्या चेना लागत होत्या.

मग भिंतीपलीकडून एक आवाज आला. इतका हळू की मला आधी कळला नाही. घशात अडकलेलं काहीतरी बाहेर काढावं तसा.

ते नाव होतं.

जन्मभर न घेतलेलं ते नाव त्यांनी घेतलं. थांबल्या. परत घेतलं, या वेळी जरा मोठ्यानं, नावानं हाक मारावी तसं. मी जे नाव त्या गल्लीत हजार वेळा ओरडलो होतो, ते मला पहिल्यांदा ऐकू आल्यासारखं वाटलं. ते त्यांनी घेतलं, ते त्यांचं. म्हणूनच मी इथं लिहिणार नाही.

कुत्रं उठलं नाही. त्या आवाजात त्याला ते नाव माहीतच नव्हतं. त्यानं एक डोळा उघडला, भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि परत झोपलं.

पलीकडून त्यांनी नाक ओढलं. "येईना की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "शिकावं लागंल आता त्याला." परवापर्यंत कुत्र्याला 'ह्यांना' म्हणणाऱ्या त्या आता 'त्याला' म्हणाल्या. पण मी जागचा उठलो नाही. चुकून एकदा मागं सरून हंडा सांडलेला माणूस मी.

मग त्या म्हणाल्या, "अहो."

कुत्रं ताडकन उठलं. मीपण उठलो.

मी भिंतीला तोंड लावून विचारलं, "कुणाला?"

"असं ओरडून विचारायचं असतं का?" त्या म्हणाल्या. "पोरगी एकटी निघालीय, तिची बॅग जड हाय. रिक्षात ठेवायला या. आणि रस्त्यानं या, समोरच्या दारातून."

कुत्रं भोकातून गेलं. मी सदरा घातला, चपला शोधल्या. एक मिळाली, दुसरी कुत्र्यानं कुठं नेलेली कोण जाणे. बायकोच्या फोटोपुढं जरा उभा राहिलो. मग तसाच एका पायात चप्पल घालून रस्त्यानं निघालो, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत. मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं, आणि कुत्रं माझी दुसरी चप्पल घेऊन त्यांच्या उंबऱ्यात बसलेलं होतं.